बियाचं कुंकू

"अगं, कुंकू न्हाई ते! किडीचं औषध हाय औषध!" असं हे परसाच्या दारातून वरडले, आन् माझ्या हातातलं खुरपं कुटं पडलं ते मला कळलंच न्हाई, माझं बोट सुमीच्या तोंडात होतं, जिभेवरनं, हिरड्यावरनं, गालाच्या आतून मी ते लाल लाल खरवडून काढायले होते, आन् सुमीला, नुकतं चालायला लागलेलं लेकरू ते, तिला वाटलं आई खेळायलीय, तिनं माझं बोट चावलं आन् खिदळली. तिच्या कपाळावर माझ्याच हातानं लावलेला टिळा होता. वल्ला, लालभडक, उन्हात चमकायलेला.

शिमगा जवळ आलता. रानात ज्वारी काढलेली, वाऱ्याला वाळल्या कडब्याचा गोडूस वास, बांधावरचा पळस पेटल्यावानी, आन् सकाळचं ऊन असं कवळं की भिंतीवरच्या गोवऱ्याबी सोन्याच्या दिसाव्यात. न्हाणीचं पानी इतके दिवस नुसतं वाहून चिखल करायचं, डुकरं लोळायची. मी म्हनले, ह्या पान्यावर भाजी करू, आपल्या हातची. राती पडल्या पडल्या डोळ्यांपुढं सगळं मांडून ठेवलेलं, कुडाला दोडका चढंल, कडंनं गवार, मदी भेंडी, आन् न्हाणीच्या मोरीपाशी मेथीची चिमूट. चौथीतनं शाळा सुटलेली माझी, पर काडीनं मातीत वाफे असे सरळ आखले की अत्याबाई म्हनल्या, "सूनबाई, घर बांधायलीस का वाफा?" सासूच्या तोंडून एवढं आलं म्हंजे लई झालं. मी दिवसभर हसत होते.

दोडक्याचं, गवारीचं बी माझ्या माहेरचं. राखंत घोळून मडक्यात ठिवलेलं, करडं, मुकं. भेंडीचं तेवढं ह्यांनी कमलनगरच्या बाजारातून कागदाच्या पुडीत आनलं. पुडी सोडली तर बी लाल! मला काय वाटावं? आमच्याकडं पेरायच्या आधी बियाला हळदकुंकू लावतेत, आन् तेच कुंकू घरातल्या लहान लेकराला लावतेत, बी आन् लेकरू संगंच वाढू दे म्हनून. मी म्हनले, दुकानदार भला मानूस दिसतोय, पूजा करूनच बी दिलंय. वल्ल्या बोटानं लाल उचललं, सुमीला टिळा लावला, आन् उरलेलं तिच्या तळहातावर. तिनं तळहात चाटला. मी बघितलं. मी बघून हसले, हो.

"तुला सांगितलं न्हवतं का?" हे म्हनले.

"कवा सांगितलंत? पुडी देऊन गावात गेलात की!"

"भांडू नगासा रे आता," अत्याबाईंनी सुमीला माझ्या हातातून वढलं, पदर वल्ला करून तिचं तोंड पुसायल्या, कपाळ पुसायल्या. लाल जाईना. गुलाबी होऊन चामडीत बसलं. "मिठाचं पानी पाजा, वकू द्या," असं अत्याबाई म्हनल्या, हे म्हनले तूप द्या, आन् मी काहीच न देता लेकरू हिसकलं आन् सडकंकडं पळत सुटले, अनवानी, पदर कुटं, मी कुटं.

जीप उभी होती. डायवर तंबाखू मळत म्हनला, "अक्का, सीट भरू द्या की. एकटीला घेऊन गेलो तर मालक मला इख पाजंल."

इख! त्यानं मस्करीत म्हनलं, आन् माझ्या तोंडातून असा आवाज निगाला की त्याची तंबाखू खाली सांडली. तसाच तो गाडीत चढला. गाडी हानली. हे मागून लटकून आले.

कमलनगरच्या दवाखान्यातले डाक्टर कानडी. "येनम्मा, काय खाल्लं पोरीनं?" ह्यांनी खिशातून चार लाल बिया काढून दाखवल्या. डाक्टरांनी तिचे डोळे बघितले, तोंड धुतलं, किती चाटलं, कवा चाटलं इचारलं. "किती" ह्याला माझ्यापाशी बोट सोडून दुसरं माप न्हवतं. बोटाचं टोक दाखवलं. संध्याकाळवर तितंच बसवून ठेवलं. औषधाच्या वासात मी तिचा श्वास मोजत बसले. तिचा डोळा लागला की मी तिला हलवायचे, ती रडायची, आन् त्या रडन्याएवढं गोड काही मी जन्मात ऐकलं न्हाई.

वाचली. डाक्टर म्हनले, नशीब, टोकाएवढंच गेलं.

घरी आलो तर वाफ्यात पानी दिलेलं, माती सपाट, वल्ली. अत्याबाईंनी उरलेलं सगळं बी लावून टाकलेलं. "वाफा मोकळा ठिवला तर लेकराच्या नावानं बरं नसतंय," असं म्हनल्या. त्यांचा हात अजून गुलाबी होता. जे हात जोडून त्या लेकरासाठी देवापुढं बसल्या, त्या हातांना काय बोलू?

भेंडी उगवली. असली तरारून उगवली की येनारी जानारी बाई कुडापाशी थांबायची. पिवळं फूल, पोटात जांभळा ठिपका, आन् मग कवळ्या लवदार शेंगा. हे दुकानदाराला इचारून आले, म्हनं औषध बियापुरतंच असतंय, फळात चढत न्हाई. सुमी सोडून घरात सगळ्यांनी खाल्ली. मीबी खाल्ली, आधी मीच खाल्ली, आन् दोन दिवस माझ्याच पोटाकडं बघत ऱ्हायले. काही झालं न्हाई.

पर आज सकाळी सुमी आपली आपन वाफ्यात गेली. शेंग मोडली. तोंडापाशी नेली. मी तिचं मनगट धरलं. अत्याबाई वसरीवरून म्हनल्या, "खाऊ दे की गं, आपल्या दारची हाय." सुमी माझ्याकडं बघायली, शेंगंचा चिकट डिंक तिच्या बोटाला, दव अजून सुकलं न्हवतं. मला खरं वाटतंय दुकानदाराचं, आन् मला खरं वाटत न्हाई. बायांनो, तुमीबी आया हाव. माझ्या जागी तुमी आसता, तर ते मनगट सोडलं आसतं का?