फिकट काच

रुग्णालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत त्याला सगळे रंगारी म्हणत. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, दिसेल न दिसेल इतका पातळ कापायचा, काचेवर घ्यायचा आणि रंगवायचा. बावीस वर्षं हेच काम. त्याच्या हातून एकही काच वाया गेली नव्हती, आणि हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे.

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी घशाच्या कॅन्सरचा अभ्यास हाती घेतला. रोगाशी झुंजायला शरीर प्रतिपिंडं नावाची प्रथिनं तयार करतं. ती गाठीत कितपत पोचलीत, ते पाहायचं. पोचली असतील तिथे तपकिरी रंग चढे. नसतील तर काच फिकट निळी राही. रंगाऱ्याने दोनशे जुन्या गाठी रंगवल्या. तपकिरी काचांची बरीचशी माणसं अजून तपासणीला येत होती. फिकट काचांच्या बहुतेक फायली बंद झाल्या होत्या.

मग रंगाऱ्याच्या धाकट्या भावाचा आवाज बसला. तो भाजीबाजारात लिलाव पुकारायचा.

"तुझी वहिनी खूश आहे," तो घोगऱ्या आवाजात मित्राला म्हणाला. "लग्नानंतर पहिल्यांदा तिला बोलायला मिळतंय."

त्याच्या घशात गाठ निघाली आणि तिचा तुकडा तळघरात आला. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला देते.

"दुसऱ्याच्या हातावर माझा भरवसा नाही," रंगारी म्हणाला.

काच फिकट निघाली.

त्याने तुकडा पुन्हा कापला, पुन्हा रंगवला. फिकट. तिसऱ्यांदाही फिकटच.

"मॅडम, माझंच काहीतरी चुकलंय. एखादी बाटली विसरलो असेन. लक्षच नव्हतं माझं."

मॅडमनी शेजारची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. ती कंट्रोलची. दर खेपेला निरोगी टॉन्सिलचा एक तुकडा सोबत रंगवायचा. तो रंगला, तर चूक हाताची नाही. नव्या माणसांना हे तोच शिकवायचा.

तुकडा गडद तपकिरी होता. तिन्ही खेपांना.

"एका काचेवरून एका माणसाचं भविष्य ठरत नाही," मॅडम म्हणाल्या. त्याने मान डोलावली. दोनशे काचा त्याने स्वतः पाहिल्या होत्या.

वरच्या मजल्यावर भाऊ खाटेवर उशीला टेकून बसला होता.

"काय दादा, चढला का रंग?"

रंगाऱ्याने स्टूल ओढलं. चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"अरे बोल की. आवाज माझा गेलाय, तुझा नाही."

"नाही चढला."

"तुझी काही गफलत?"

हो म्हणणं सोपं होतं. भावाने ते आनंदाने मानलं असतं, वर्षभर चिडवलंही असतं. वर्ष मिळालं असतं तर.

"नाही रे."

भाऊ छताकडे पाहत राहिला.

"मग आता?"

रंगाऱ्याला काच रंगवता येत होती. पुढचं त्याला काही येत नव्हतं. तो भावाच्या पायांवरचं पांघरूण नीट करत बसला.