साळुंकीचं सूतक

'आमच्यात' हा शब्द मला कधीच आवडला नाही. आमच्यात हे चालत नाही, आमच्यात असं करत नाहीत, आमच्यात हळद आधी लागते. बोलणारा माणूस सहज बोलून जातो आणि तुम्ही आत की बाहेर ते त्याच दमात ठरवून मोकळा होतो. मी पन्नाशी ओलांडली, पण हा शब्द स्वतःसाठी एकदाच वापरला. तोही पुतण्याच्या लग्नात.

आमचं देवक साळुंकीचं पीस. कुणाचं देवक कळंबाची फांदी असते, कुणाचं मोरपीस, कुणाची पाच झाडांची पानं, म्हणजे पंचपल्लव. लग्नाच्या आदल्या दिवशी ते सुपात ठेवून पूजायचं, एकच देवक असलेल्यांनी आपसात सोयरीक करायची नाही, आणि देवकाला इजा करायची नाही, इतकं बरेच जण पाळतात. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्याच्याही पुढे गेले होते. त्यांच्या लेखी साळुंकी म्हणजे कुळातलं माणूस होतं.

मी तिसरीत असतानाची गोष्ट. अण्णा मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायला निघाले होते. वाटेत एस.टी.नं उडवलेली एक साळुंकी पडली होती. अण्णांनी सायकल लावली, डब्याचा रुमाल सोडून तिला त्यात गुंडाळलं, कडेच्या लिंबाखाली दगडानं खड्डा उकरून पुरलं आणि सायकल घराकडे वळवली. घरी येऊन डोक्यावरून गार पाणी घेतलं. मलाही घ्यायला लावलं. दिवस मावळेपर्यंत घरात कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या वहीत चिठ्ठी होती : घरात दुःखद घटना घडल्यामुळे मुलगी गैरहजर होती. बाईंनी मायेनं विचारलं, "कोण गेलं गं?" मी खरं सांगितलं. सातवीपर्यंत मला सगळा वर्ग 'साळू' म्हणत होता.

आमच्या भिंतीला लागून राहणाऱ्या खालाला मात्र यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. थट्टा ती करायची, पण मायेनं. गच्चीवर साळुंक्यांचा कलकलाट सुरू झाला की भिंतीवरून हाक मारायची, "अगे, तुम्हारे समधी आको बैठे देखो. दाना डालो उनको." तिच्या घरात कोपऱ्याकोपऱ्यात कोळ्यांची जाळी असायची. आई एकदा झाडू घेऊन मदतीला गेली तर खालानं तिचा हात धरला. "हमारे में मकडी को नै मारते. गुफा के मूं पे जाला बुन को पैगंबर साब को बचाए थी वो." आई घरी येऊन म्हणाली, आळशी बाई आहे, कारणं सांगते. त्याच वेळी आमच्या मीटरच्या पेटीमागं साळुंकीचं घरटं होतं, त्यातला कचरा रोज दारात पडायचा आणि आई तो बिनतक्रार गोळा करायची. आपलं ते देवक, दुसऱ्याचा तो आळस.

पुढे मी शिक्षिका झाले. एकदा प्रशिक्षणाला बाहेरगावाहून एक तज्ज्ञ आले होते. दूरदेशी लोक अस्वलाला आजोबा म्हणतात, कुणी कासवाला पूर्वज मानतात, त्याला मारत नाहीत, त्याच्या वंशात लग्न करत नाहीत, असं ते पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होते. सभागृह पोट धरून हसलं. पाठीमागून कुणीतरी अस्वलासारखा आवाजही काढला. मग चहाची सुट्टी झाली आणि तीच मंडळी मुलामुलींच्या पत्रिका काढून एकमेकांना विचारू लागली, "तुमचं देवक कोणतं हो?" मीही त्यात होते. माझ्या भावाचा मुलगा लग्नाचा होता.

माझं स्वतःचं लग्न सिल्लोडला झालं. निघायच्या आधी, डोळे पुसून झाल्यावर, मी अण्णांना एक प्रश्न विचारला होता. तिकडं साळुंकी मेली तर मी अंघोळ करायची का? मला खरंच ठाऊक नव्हतं. अण्णा म्हणाले, "नाय. आता तुझं देवक पंचपल्लव. साळुंकीचं सूतक तुला नाय." इतकं साधं होतं ते. बावीस वर्षं जिच्यासाठी गार पाणी डोक्यावर घेतलं, ती एका दुपारीत माझी कुणी राहिली नाही. आणि पानांचं सूतक कोण पाळतं? सासरी रोज झाडाची पानं गळत होती.

सासरचं सांगण्यासारखं फारसं नाही. नवरा हात उचलायचा. सासू म्हणायची, आमच्यात बायका उलट बोलत नाहीत. अकरा वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका सकाळी मी एक बॅग घेऊन माहेरी आले. दारात पोचले तेव्हा अण्णा शिडीवर होते. मीटरच्या पेटीमागून साळुंकीचं पिल्लू खाली पडलं होतं, ते ओंजळीत धरून ते वर चढले होते. आई खाली शिडी धरून उभी होती. "हात लावू नका, माणसाचा वास लागला की आई घेत नाही म्हणतात," ती म्हणाली.

"खोटं हाय ते," अण्णा वरून म्हणाले. "घेते. आपलं पिल्लू कुणी टाकतं व्हय?"

मग ते खाली उतरले, हात धुतले, माझी बॅग पाहिली, माझ्या गालावरचं पाहिलं. पाणीसुद्धा विचारायच्या आधी म्हणाले, "चार दिस राहा. मग मी सोडून येतो. लोक काय म्हणतील?"

मी त्यांना त्या दिवशी काही बोलले नाही. आजही मला त्याचा राग येतो, त्यांच्यापेक्षा माझाच जास्त. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी शिडी उचलून जागेवर नेऊन ठेवली.

चार दिवसांची अकरा वर्षं झाली. सोडचिठ्ठीचे कागद झाले. आई गेली. मला कुणी हाकललं नाही, हे खरं. मागची खोली माझी झाली, अण्णांची औषधं माझी झाली, गच्चीवरचे दाणेही माझेच झाले, कारण अण्णांना जिना चढवेना. पण घरात पाहुणे आले की भाऊ माझी ओळख करून देताना म्हणायचा, "ही ताई. सध्या इथंच असते." सध्या, अकरा वर्षांपासून.

गेल्या वैशाखात पुतण्याचं लग्न ठरलं. देवकाला पीस लागणार होतं आणि घरात पाळायचा नियम असा की ते उपटलेलं नको, मेलेल्या साळुंकीचं नको. आपोआप गळालेलं हवं. पिसं गळतात पावसाळ्याच्या शेवटी, लग्न उन्हाळ्यात. भाऊ फोनवर फोन करत होता, कुणाकडे मिळतं का विचारत होता. मी खोलीतून एक जुना कंपास आणला. त्यात सात पिसं होती, काळपट, मुळाशी पांढरी. दर वर्षी दसऱ्याच्या आगेमागे गच्चीवर पडलेली मी उचलून ठेवत होते. कशासाठी, ते मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अण्णांनी एक पीस बोटांनी चाचपलं, त्यांना आता नीट दिसत नाही. "गळालेलंच हाय," ते म्हणाले. "लई चांगलं राखलंस." मला फार बरं वाटलं. या वयातही वाटलं, याची लाज वाटते.

लग्नासाठी मी गुलमंडीच्या बाजारातून नवी साडीही घेतली होती. देवक बसवायच्या वेळी मी सुपाशी बसले, तांदूळ पसरले आणि पीस ठेवायला हात पुढे केला. भावजय वाकून हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही नका ना हात लावू. दुसऱ्या देवकाचं माणूस चालत नाही आमच्यात." ती वाईट नाही. तिला कुणीतरी तसं सांगितलं असणार.

मी अण्णांकडे पाहिलं. ते खुर्चीवर बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अण्णा, माझं देवक कोणतं?"

"पंचपल्लव," ते म्हणाले.

"त्या घराशी माझा काय संबंध राहिला?"

"कागदानं देवक बदलत नाय, बाई."

लग्नानं बदलतं, कागदानं नाही. म्हणजे एकदा बाहेर काढायची वाट आहे, आत यायची नाही. मी उठले. माझ्या कंपासातलं पीस भावानं आणि भावजयीनं उपरण्या-पदराला गाठ मारून सुपात ठेवलं. सगळ्यांनी नमस्कार केला. मी स्वयंपाकघरात जाऊन दहाजणांचा चहा टाकला आणि रडले, आणि साखर दोनदा घातली.

लग्न दुसऱ्या दिवशी होतं, बायपासच्या एका लॉनवर. ऊन असं की पाणी उडवणारे माणसाएवढे पंखे लावले होते. नाश्त्याचे पोहे जागोजागी सांडले होते, त्यामुळे साळुंक्या आल्या होत्या. पायात पायात फिरत होत्या, भांडत होत्या, सगळ्या लग्नात तेवढ्याच खऱ्या आनंदात दिसत होत्या. मुहूर्ताला अर्धा तास असेल. बँडवाल्यांनी एकदम ताशा वाजवला, त्या दचकून उडाल्या आणि एक सरळ पंख्यात गेली. तडाखा मी ऐकला. ती अण्णांच्या खुर्चीपासून दोन हातांवर येऊन पडली.

"काय पडलं?" अण्णांनी विचारलं.

भावानं पाहिलं. त्याला काय पडलं ते नीट दिसलं होतं. तो माझ्याकडे बघायला लागला.

"साळुंकी आहे," मी सांगितलं. "गेली."

अण्णांनी खुर्चीच्या हातावर जोर दिला. मला वाटलं, उठतील. पिवळा फेटा बांधलेले ऐंशीच्या पुढचे अण्णा तिसरीतल्या मुलीसमोर सायकल लावली तसे उठतील, रुमाल मागतील. भाऊ त्यांच्या कानाशी लागला, "अण्णा, मुहूर्त गाठायचाय. पावणे बसलेत."

अण्णा पुन्हा टेकून बसले. "देवक बसलंय," ते म्हणाले. "आता सूतक लागत नाय."

नियम खरा आहे. देवक बसलं की उठेपर्यंत घरात कुणी मेलं तरी सूतक धरत नाहीत. म्हणजे साळुंकीचं पीस सुपात ठेवून त्यांनी साळुंकीपासूनच सुटका करून घेतली होती. ते पीस मी दिलं होतं. भावानं वाढप्याला खूण केली, "ते उचल तिकडून."

मी म्हटलं, थांब. ते देवक त्यांचं बसलं होतं. मला त्याला हातही लावू दिला नव्हता, मग त्याची सूट मला कशी लागेल? मी तिला नव्या साडीच्या पदरात घेतलं. अजून ऊबदार होती. लॉनच्या मागं, जिथं जेवणाची भांडी घासत होते, तिथं एक लिंब होता. उलथन्यानं खड्डा केला. मग बायकांच्या न्हाणीघरात जाऊन मेकअप, गजरा होता तसाच ठेवून डोक्यावरून पाणी घेतलं. टाकीचं पाणी उन्हानं तापलं होतं, गार नव्हतं.

बाहेर आले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि घरच्यांचे फोटो सुरू होते. माझ्या केसांतून पाणी गळत होतं. भावजय धावत आली. "ताई, हे काय? फोटोला बोलावतायत. काय झालं?"

"आमच्यात कुणीतरी गेलं," मी म्हटलं.

ती स्टेजकडे निघून गेली. मी फोटोत नाही. कुणी पुन्हा बोलावलंही नाही. जेवणाच्या पंगती बसल्या तशी मी अण्णांचं ताट वाढून त्यांच्या समोर ठेवलं, रोज ठेवते तसं. त्यांनी वरणात बोट घातलं आणि तसंच ठेवलं. मग, आसपास कुणी ऐकत नाही अशी चाहूल घेऊन, त्यांनी विचारलं, "लिंबाखाली पुरली का?"

मी त्यांच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला.

"तुम्हाला सूतक नाय, अण्णा," मी म्हटलं. "तुम्ही जेवून घ्या."