काकांचं हालचाल रजिस्टर

एकेका मिनिटाला समोर उभं करून जाब विचारणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो जयपुरात बनी पार्कमध्ये माझ्या डोक्यावर राहत होता. डोक्यावर म्हणजे अक्षरशः. मी खालच्या खोलीत भाड्यानं आणि काका वरच्या मजल्यावर. मूळचे अमरावतीचे. केंद्र सरकारच्या नोकरीत अकरा बदल्या झाल्या होत्या, त्यामुळे ट्रंका कधी पूर्ण रिकाम्या होत नसत आणि भिंतीवर खिळा ठोकायचा तर काका आधी कॅलेंडर बघत. गल्ली त्यांना साहबजी म्हणायची. मी सातारचा, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा, एकटा. मराठी बोलतो एवढ्या एका गुणावर काकूंनी माझं संध्याकाळचं जेवण वर ठेवलं होतं.

त्या वर्षांत इंटरनेटवर एक नवं ठिकाण निघालं होतं. तिथं प्रत्येकाचं आपलं एक पान असायचं, त्यावर ओळखीपाळखीचे लोक येऊन चार ओळी खरडून जायचे, फोटो लावायचे, एकमेकांचे गोडवे गायचे. काकांच्या घरी कॉम्प्युटर आला तो मुलीच्या बारावीसाठी, पण त्या ठिकाणाचा पत्ता लागताच सगळ्यात आधी वाहवले ते काका. अकरा गावांत मागे टाकलेली माणसं एका खिडकीत येऊन बसली, आणखी काय हवं? एका रविवारी ते सकाळी दहाला कॉम्प्युटरसमोर बसले ते दुपारी चारला उठले. काकूंनी विचारलं, काय केलं एवढा वेळ? काकांना सांगता येईना. तीस वर्षं नोकरीतल्या प्रत्येक तासाचं उत्तर देऊ शकणारा माणूस, त्याला स्वतःच्या घरातले सहा तास सापडेनात. मी त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहिला आहे. पाकीट मारलं गेल्यावर माणूस खिसे चाचपतो, तसे ते खोलीत फिरत होते.

सोमवारी त्यांनी हालचाल रजिस्टर सुरू केलं. सरकारी कचेरीत टेबल सोडून बाहेर जाणारा माणूस कुठे चाललो, कशासाठी चाललो हे एका वहीत लिहून जातो, तेच हे. लांबट वही, पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, नाव, बसण्याची वेळ, उठण्याची वेळ, कारण आणि शेवटी 'निष्पन्न'. कॉम्प्युटरवरचं कापड काढण्याआधी कारण लिहायचं, उठताना निष्पन्न. घरातल्या प्रत्येकाला सक्ती, काका धरून, आणि जेवणानंतर तिथं हमखास बसणाऱ्या मलाही. एकच शब्द वर्ज्य होता: 'असंच'. काकूंनी पहिल्याच दिवशी तो लिहिला आणि त्यांना कापड परत घालावं लागलं.

मी मनातून हसलो होतो, पण आठ दिवसांत हसू मावळलं. निम्म्या वेळा माणूस कारण लिहायला पेन उचलायचा, विचार करायचा आणि उठून जायचा. काकांची मुलगी बदल्यांच्या गावी, हिंदी मुलखात वाढलेली, तिचं मराठी हिंदीच्या कडेकडेनं चालायचं. "बाबा, मतलब फक्त पाच मिनिट," अशी तिची सुरुवात असे. कारण म्हणून तिनं 'अभ्यास' लिहिलं, आणि निष्पन्नाच्या रकान्यात, पोर प्रामाणिक म्हणून, 'नाही झाला'. काकूंच्या नोंदी वाचनीय असत: 'भाचीच्या बाळाचे फोटो. नाक आमच्याकडचं.' खुद्द काकांची एक नोंद होती: 'भोपाळच्या सहकाऱ्यास वाढदिवसाच्या शुभेच्छा. निष्पन्न: वाढदिवस काल होता.' जयपूरजवळच्या चौमूंत त्यांचा एक जुना मित्र होता, त्याला ते रोज त्या ठिकाणी दोन ओळी लिहीत. महिन्याभरानं त्यांनी नोंदी चाळल्या, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट चौमूं गाठलं. मित्राच्या अंगणात तीन तास गप्पा झाल्या. परतताना म्हणाले, इतके दिवस लिहून राहिलो, तेवढ्यात धा वेळा येऊन गेलो असतो.

वाचलेला वेळ ते वाया जाऊ देत नसत. मुलीला गोपालपुऱ्याच्या क्लासला सोडताना लाल सिग्नलला थांबले की मोठ्यानं रसायनशास्त्राचे प्रश्न विचारत, आणि शेजारचे स्कूटरवाले उत्तराची वाट बघत. ती शरमेनं अर्धी होई, पण उत्तर देई. थंडीत सगळे गच्चीवर उन्हाला बसत. एका घरातली चार माणसं एकमेकांकडे बघून बोलतात हे दृश्य मला तिथं पुन्हा दिसलं. चौथा मी.

आता माझ्या नोंदींबद्दल सांगायला हवं. त्या सगळ्या एकसारख्या होत्या: 'दादाचं पान पाहणे. निष्पन्न: काही नाही.' दादा माझा थोरला भाऊ. मार्गशीर्षात त्याचा साखरपुडा झाला आणि मी गेलो नाही. रजा मिळत नाही असं कळवलं. खरं म्हणजे रजा मिळत होती, पण ऑफिसची मंडळी त्याच दोन दिवशी सहलीला निघाली होती आणि मला त्यांच्यात मिसळायचं होतं. परत आल्यावर मी मूर्खासारखे सहलीचे फोटो माझ्या पानावर लावले. दादानं ते पाहिले. त्यानं भांडण केलं नाही, नुसतं बोलणं थांबवलं. वैशाखात लग्न होतं. आई फोनवर "तू ये रे" म्हणायची, पण दादानं बोलावल्याशिवाय मांडवात कुठल्या तोंडानं उभं राहायचं, हे मला कळत नव्हतं. म्हणून मी रोज त्याच्या पानावर जायचो, माझ्यासाठी एखादी ओळ दिसते का बघायचो आणि परत यायचो.

काका दर शनिवारी रजिस्टर तपासत. माझ्या नोंदींवर कित्येक आठवडे त्यांनी काही शेरा मारला नाही. मग चैत्रातल्या एका शनिवारी, जेवायच्या आधी, मला समोर बसवलं. मी सगळं सांगितलं, सहलीसकट. त्यांनी रजिस्टर मिटलं.

"हे बघ, सत्तेचाळीस वेळा तू त्याच्या दारापर्यंत जाऊन आला," ते म्हणाले. "माणूस आत आहे. आवाज तर दे."

इंटरनेट आणि टेलिफोन तेव्हा एकाच तारेवर चालायचे. काकांनी कॉम्प्युटरची पिन उपसली, फोनची लावली, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि काकूंना न् मुलीला घेऊन गच्चीवर गेले. जाताना दार ओढून घेतलं.

दादानंच उचलला. मी म्हणालो, "दादा, मला रजा होती. मी खोटं बोललो."

"तुझं नाव मला रोज दिसतं," तो म्हणाला. "कोण येऊन गेलं ते दाखवतात तिथं. रोज मी बघतो, आला होता, काही न बोलता गेला. मला वाटायचं, आज तरी बोलेल."

मग तोच म्हणाला की लग्नाच्या आठ दिवस आधी ये, मांडवाचं सगळं तुझ्याकडे आहे, आणि आईला फोन मी देतो, तू रडू नकोस.

सगळे गच्चीवरून खाली आले. काकूंनी पानं घेतली आणि मी त्या दिवशी चार पोळ्या जास्त खाल्ल्या.

लग्न उरकून जयपूरला परतलो तर काकांच्या बाराव्या बदलीचा हुकूम आलेला होता. ट्रकमध्ये सामान चढवायला मी होतो, पण त्या धांदलीत मनातलं बोलायचं राहिलं. आता ते निवृत्त होऊन अमरावतीला असतात. कान गेले आहेत. मी फोन केला की मी बोलतो ते काकू त्यांच्या कानाशी ओरडून सांगतात, आणि ते काय म्हणाले ते मला सांगतात. "सगळं ठीक आहे," एवढंच दोन्हीकडून पोचतं. माझा भाऊ मला त्यांच्यामुळे परत मिळाला, हे असं ओरडून सांगण्यासारखं नाही.

मागच्या आठवड्यात दादाला हे बोललो. तो म्हणाला, तिकिटं काढ, मीही येतो. आम्ही दोघं पुढच्या शनिवारी निघतोय.