आखाड्यातल्या देवीला मी अंजनी म्हटलेले नाही

"हा मारुती नाही," असे मी म्हणालो, तेव्हा आखाड्यात चौदा पैलवान उभे होते. एकही हलला नाही. जमाव माझ्या अंगावर धावून आला आणि मी जीपमध्ये जाऊन बसलो, असे नंतर वर्तमानपत्रात छापून आले. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. जीप नव्हतीच. मी माकणीपर्यंत एसटीने आणि तिथून पुढे आखाड्याच्या केरबा वस्तादांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो होतो. पळून जायचे ठरवले असते, तर वस्तादांनाच सोबत न्यावे लागले असते.

जुन्या मूर्तींची नोंदणी करण्यात माझी एकतीस वर्षे गेली. मूर्ती पाहायची, मोजायची, ओळखायची आणि फॉर्म भरायचा. सेवानिवृत्त झालो तरी धाराशिवच्या कार्यालयातून फोन येतात, कारण तिथल्या नव्या मंडळींना संगणक ओळखता येतो, यक्षी ओळखता येत नाही. या गावचा फोन आला तो खोळ पडल्यामुळे. मूर्तीवर पिढ्यानपिढ्या शेंदूर आणि तेल चढत राहिले की त्याचे वीतभर जाड कवच होते. एखाद्या उन्हाळ्यात ते आपल्याच वजनाने सुटून पडते. त्याला देवाने खोळ टाकली म्हणतात. आखाड्याच्या मारुतीने ती टाकली होती.

आणि आत बाई होती.

पाहताक्षणी मी ओळखले. कार्यालयातले एक तरुण गृहस्थ हल्ली सांगतात, की फोटोवरून त्यांनी आधीच ओळखले होते. त्यांनी फोटोखाली प्रश्नचिन्ह टाकले होते, एवढेच सत्य आहे. ती अंबिका, म्हणजे जैन परंपरेतील यक्षी. मांडीवर मूल, उजव्या हातात आंब्याचा घोस, पायाशी सिंह, आणि डोक्यावर आम्रवृक्षाच्या सावलीत ध्यानस्थ बसलेला बोटभर तीर्थंकर. शेंदराखाली यांतले काहीच दिसत नव्हते, फक्त फुगवटे दिसत. त्यामुळे आंब्यांचा घोस द्रोणागिरी ठरला होता, मांडीवरचे मूल गदा आणि कमरेवरून सुटलेला शेला शेपूट.

बालब्रह्मचारी देव म्हणून ज्याच्यासमोर गावाने पिढ्यानपिढ्या दंड थोपटले, तो लेकुरवाळा निघाला होता.

"सायेब, नीट बघा," वस्ताद म्हणाले. वय सत्तरीचे, कान कुस्तीत चुरगळलेले. "उजेड कमी असंल."

"वस्ताद, दुपारचे बारा वाजले आहेत."

मी फोन लावून मूर्ती अंबिकेची असल्याचे कळवले. कार्यालयातले आमचे अधिकारी माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. फोटो त्यांनी पाहिलाच होता.

"सर, पीस अप्रतिम आहे! संग्रहालयात दर्शनी चौथरा रिकामाच आहे. उद्या टेम्पो पाठवतो."

"मूर्ती पूजेत आहे," मी म्हणालो. नियम साधा आहे. बेवारस मूर्ती संग्रहालयात येते, अखंड पूजेतल्या मूर्तीला सहसा हात लावत नाहीत.

"पूजा मारुतीची चालू होती. तिथं मारुती नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत. मग या देवीची पूजा कधी झाली?"

माझ्याच विधानाने मला धोबीपछाड घातली होती. स्पीकर चालू असल्याने वस्तादांनी सगळे ऐकले. ते खाली तांबड्या मातीत बसले.

"म्हंजी तुमी खरं बोलला, म्हणून आमचा देव जानार?"

एक पैलवान म्हणाला, "वस्ताद, मग उद्यापासून दंड कुनाम्होरं थोपटायचं?"

तेवढ्यात वस्तादांची थोरली बहीण सोजरआक्का सरळ आत आली. त्या आखाड्यात बायकांनी पाऊल टाकायचे नाही, ही रीत. वस्ताद म्हणाले, "आक्का, भाईर!"

"गप रं! बाईच्या देवळात बाईला भाईर काढतोय व्हय?" ती मूर्तीसमोर वाकली आणि मला विचारले, "सायेब, मांडीवर कोन हाय?"

"मूल."

"मग त्योच की मारुती! आन् ही त्येची माय, आंजनी. इतकी वर्सं बिचारी शेंदराखाली गुदमारली, पर लेकरू खाली ठिवलं न्हाय. आन् तुमी आयच्या मांडीवरल्या पोराला दंड दावताय. लाजा न्हाईत?"

मी ताबडतोब आक्षेप घेतला. हे मी स्पष्ट लिहीत आहे, कारण आता सगळेच सांगतात की ही कल्पना माझी होती. मी म्हणालो, "आक्का, हातात आंबे आहेत. अंजनीच्या हातात आंबे नसतात."

"लेकराला काय उपाशी ठिवंल? सूर्व्याला फळ समजून उडी घितली त्येनं. आंबं घेतलं आसतं तर लई झालं आसतं."

"पायाशी सिंह आहे."

"डोंगरात ऱ्हात हुती ती. तितं काय कोंबड्या आसत्याल?"

"आणि वर तीर्थंकर आहेत. ते जैनांचे."

आक्काने वर पाहिले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "त्येंची बी किरपा."

एकतीस वर्षांत अनेक परिषदांत मी भल्याभल्या विद्वानांना गप्प केले आहे. त्या दिवशी मी चहा मागितला.

परंतु चहा पिताना मी विचार केला, आणि तो माझाच होता. आपल्याकडच्या पाथरवटांनी आज जैन बस्ती, उद्या शिवालय, अशी कामे एकाच छिन्नीने केली. मूल घेतलेली आई तर या सर्वांहून जुनी. पंथ येत गेले आणि प्रत्येकाने तिला आपल्या घरात घेऊन नवे नाव दिले. नाव बदलले की पूजा खंडित होते असे मानले, तर आपल्या निम्म्या देवळांना कुलूप लावावे लागेल.

मी तिथेच फॉर्म भरला. 'मूर्ती' या कॉलममध्ये लिहिले: अंबिका यक्षी, जैन. 'पूजेत आहे काय' या कॉलममध्ये लिहिले: होय, अखंड. तेल याच दगडावर पडत आले आहे. 'पूजकांच्या मते देवता' येथे लिहिले: मारुती, आजपासून आईसह.

फॉर्मचा फोटो मिळताच अधिकाऱ्यांचा फोन आला. "सर, ही कसली भाषा?"

"शासकीय. यातले एक वाक्य खोटे दाखवा, मी स्वतः मूर्ती उचलून टेम्पोत ठेवतो."

त्यांना दाखवता आले नाही. टेम्पो आला नाही. तो रस्त्यात बंद पडला, असे वस्ताद सांगतात आणि त्याचे श्रेय मारुतीला देतात. टेम्पो निघालाच नव्हता. श्रेय फॉर्मचे आहे.

निघताना मी एक अट घातली. पुन्हा शेंदूर लावायचा नाही, दगड झिजतो. वस्तादांनी बराच वेळ घासाघीस केली. शेवटी फक्त मांडीवरच्या मुलाला, कपाळापुरता टिळा, यावर तह झाला. आता मंगळवारी बायका ओटी भरतात आणि शनिवारी पैलवान दंड थोपटतात. आधी देवीला पाय लागणार नाही असे लांब सरकून, मग जोरात.

गेल्या महिन्यात मी पाहणीला गेलो. आखाड्याच्या दारावर नवी पाटी होती: 'श्री अंजनीमाता व बालमारुती'. खाली 'संशोधक' म्हणून माझे संपूर्ण नाव, पदासहित.

मी वस्तादांना खडसावले, "ही पाटी आजच्या आज बदला!"

वस्ताद पाटीकडे बघत अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "नाव बारीक पडलं व्हय, सायेब?"

माझ्या व्यवसायात येणाऱ्या तरुणांना एवढेच सांगतो. मूर्ती कोणाची, हे पुराव्यानिशी सांगा, लिहा, सही करा. ते गावाने मान्य करावे, ही अपेक्षा ठेवू नका. आणि गावाने सत्कार ठेवलाच, तर कशाबद्दल आहे, ते आधी विचारून घ्या.