आत्याचे सणासुदीचे साबण

साबण चाटून तो झाला की नाही हे सांगणारी बाई अख्ख्या मुंबईत एकच आहे, आणि ती माझ्या बायकोची आत्या आहे. आपण भाताचं शीत चेपून बघतो, ती साबणाला जिभेचं टोक लावते. डोळे मिटते, क्षणभर थांबते आणि "अजून झोंबतोय, आठ दिवस राहू दे" किंवा "झाला" असा निकाल देते. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिच्या लालबागच्या घरी पाया पडायला गेलो, तेव्हा ती ताटातल्या नारळाच्या वड्यांपैकी एक उचलून चाटत होती. नव्या जावयाने भिडस्त राहू नये असं मला घरून बजावलेलं होतं, म्हणून मीही एक उचलली आणि सरळ चावली. "अहो जावईबापू, त्या वड्या नव्हेत!" असं ती ओरडली तेव्हा उशीर झाला होता. पुढचे दोन दिवस मला प्रत्येक पदार्थ आंघोळ करून आल्यासारखा लागत होता.

आत्याने लग्न केलं नाही. परळच्या एका शाळेत ती प्रयोगशाळा सहायक होती. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या प्रयोगांची मांडामांड केली. परीक्षानळ्या धुतल्या, द्रावणं बनवली, बर्नर पेटवले, आणि प्रयोग रंगात यायला लागला की तास संपायचा. निवृत्तीनंतर तिने स्वतःचा प्रयोग काढला तो हा, घरच्या घरी सणासुदीचे साबण करण्याचा. डोळ्यांवर शाळेतला गॉगल, अंगात रेनकोट आणि हातात कोपरापर्यंत रबरी मोजे अशा थाटात ती कॉस्टिक सोडा पाण्यात सोडते. "पाण्यात सोडा, सोड्यात पाणी नाही" हे वाक्य ती दर वेळी मोठ्याने म्हणते, घरात कुणी नसलं तरी. मग खोबरेल आणि एरंडेल काट्यावर तोलून त्यात ओतते, पिठल्याइतकं दाट होईपर्यंत घोटते, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरते आणि ते डबे गोधडीत गुंडाळून पलंगावर निजवते. अशा वेळी पाहुण्याला बसायला जागा नसते. एका दूरच्या मामांनी न विचारता बूड टेकलं होतं, त्यांना ती अजून माफ करायची आहे.

हा साबण केला आणि लावला असं चालत नाही, तो पिकायला पाच-सहा आठवडे लागतात. त्यामुळे तिची दिवाळी गणपतीतच सुरू होते. खाली दर्शनाची रांग दोन गल्ल्या ओलांडून गेलेली, ढोलांनी खिडकीच्या काचा थरथरताहेत, आणि सातव्या मजल्यावर भर उन्हात रेनकोट घातलेली आत्या वाफ बाहेर जावी म्हणून खिडकीत उभी राहून घोटते आहे. रांगेत ताटकळलेली माणसं एकमेकांना तिच्याकडे बोट दाखवतात असं मी स्वतः पाहिलं आहे.

संक्रांतीला पांढऱ्या वडीत काळे तीळ, पाडव्याला कडुनिंबाचा हिरवा, समोरच्या बिऱ्हाडासाठी बुद्धपौर्णिमेला निळ्यावर पांढरं पिंपळपान, नाताळात बर्फ पडलेलं झाड. दसऱ्याचा झेंडू मात्र फसला. हळद घालून पिवळाधमक व्हायचा तो विटेसारखा तांबडा निघाला. सोडा लागला की हळद तांबडी होते हे तिने वर्षानुवर्षं पोरांना दाखवलं होतं आणि घरी येऊन स्वतःच विसरली होती. पण सगळ्यांत मोठा घोटाळा पहिल्या वर्षीचा. तेव्हा तिने हौसेने सोळा गणपती केले होते, सोंडेच्या वळणासकट. त्यातला एक तिने आपल्या धाकट्या भावाच्या हातावर ठेवला. हा धाकटा भाऊ म्हणजे माझे सासरे. शेवटची काही वर्षं ते दादरला आमच्याकडेच राहत होते. त्यांनी साबण उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "अगो, देवाक काय काखेत घासू?" आत्याचा चेहराच पडला. त्याच संध्याकाळी सोळाच्या सोळा गणपती बादलीत विसर्जित झाले. दीड दिवसाचे गणपती विरघळायला अकरा दिवस लागले आणि मजल्यावरचे जिने त्या पाण्याने लख्ख झाले.

तिची खरी करामत म्हणजे दिवाळीचा साबण. घरातल्या प्रत्येकासाठी एक, वेगळा ओतलेला. वर पणती, तिच्याखाली एकेका रंगाचे थर, आणि अगदी मध्ये काहीतरी दडवलेलं. ते काय, हे ती सांगत नाही. "वापरा म्हणजे कळेल," एवढंच. साबणाला सुरी लावायची नाही अशी तिने सगळ्यांकडून शपथ घेतली होती. मी तो उजेडात धरून पाहिला, कानाशी हलवून पाहिला, एकदा तर सुई खुपसायच्या बेतात होतो. दर भेटीत मी विचारायचो, "आत्या, मध्ये काय आहे हो?" आणि दर भेटीत तेच उत्तर मिळायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग वापरायचा ना! पण तो वापरणार कोण? इतकं सुंदर काही हाती आलं की आमच्या घरात ते टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात जातं. "हा अंगाला घासायचा? जीव कसा होईल?" असं बायको म्हणे, आणि पहिल्या आंघोळीला आम्ही नाक्यावरच्या दुकानातली वडी वापरत असू. सगळ्या नातेवाइकांकडे हीच तऱ्हा. आत्या फोन करून विचारायची, "कुठवर आला?" आणि आम्ही सगळे बिनदिक्कत खोटं बोलायचो. "चाललाय, चाललाय!" सासरे तेवढे खरं सांगत. "पुढच्या दिवाळीक नक्की लावतंय."

ती पुढची दिवाळी त्यांना मिळाली नाही. श्रावणात ते गेले. त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता, पण धनत्रयोदशीला आत्या भेटायला आली. बायको चहा टाकायला आत गेली, आणि आत्याची नजर कपाटाकडे गेली. तिने काच सरकवली. आम्हा सगळ्यांचे साबण तिथे ओळीने उभे होते, पणत्या शाबूत, कोपरे शाबूत. सासऱ्यांचाही होता. तो तिने उचलला, नाकाशी धरला आणि जागेवर ठेवला. "ह्यानेपण नाय," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा अर्धा ठेवून ती उठली. पुढच्या गणपतीत सातव्या मजल्याची खिडकी बंद राहिली आणि दिवाळीला साबण आले नाहीत.

त्याच दिवाळीत नरक चतुर्दशीला पहाटे मी कपाट उघडलं आणि माझ्या नावचा साबण घेऊन मोरीत गेलो. पणतीवर पाणी ओतताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू? पण फेस असा आला की मी हरखून गेलो. भाऊबीजेपर्यंत पणती गेली. मग केशरी आला, मग जांभळा, मग हिरवा. रोज आंघोळीहून आलो की बायको दारातच विचारायची, "दिसलं?" तिसऱ्या आठवड्यात मध्यभागी एक निळी रेघ उगवली. दोन दिवसांनी ती वळली. तिसऱ्या दिवशी तिच्याखाली टिंब आलं, आणि मी पंचा गुंडाळून ओरडतच बाहेर आलो. माझ्या साबणाच्या पोटात प्रश्नचिन्ह होतं.

त्याच रविवारी आम्ही दोघं ती उरलेली चपटी वडी घेऊन लालबागला गेलो. आत्याने ती हातात घेतली, चष्मा वर केला, आणि आतून एक लांबट वही आणली. शाळेच्या प्रयोगवहीसारखे रकाने आखलेले. नाव, साहित्य, निरीक्षण, अनुमान. पानांमागून पानं, घरातल्या सगळ्यांची नावं, आणि निरीक्षणाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. तिने माझी ओळ शोधली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, "प्रश्नचिन्ह दिसले. शेपटी किंचित वाकडी." मग जरा विचार करून अनुमानात लिहिलं, "जावई आंघोळ करतात." आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

बायको मात्र वहीत वाकून बघत होती. माझ्या वरच्या ओळीत तिच्या बाबांचं नाव होतं. "आत्या, बाबांच्या साबणात काय होतं गं?" तिने विचारलं. मला वाटलं, आत्या नेहमीचं उत्तर देणार. तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"ता त्याका कळूचा होता," ती म्हणाली. "तो तेवढा राहू दे गो तसाच."

त्यानंतर घरात साबणांचा नुसता सपाटा लागला. सगळ्यांनी आपापली कपाटं रिकामी केली. कुणाच्यात कढई निघाली, कुणाच्यात पतंग, बायकोच्यात कुलूप, कारण ती दोनदा ओढून पाहिल्याशिवाय घर सोडत नाही. निरीक्षणाचा रकाना भरत आला, आणि यंदा गणपतीत ती खिडकी पुन्हा उघडी होती. आमच्या कपाटात आता एकच साबण आहे. आत्या आली की पाणीसुद्धा न पिता आधी काच सरकवते आणि त्याला दुसऱ्या कुशीवर करून ठेवते. एकाच अंगावर राहिला तर दबतो, म्हणते. मी शेजारीच उभा असतो. त्याच्या मध्ये काय आहे, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.