काचेमागच्या मनगट्या

लेकीला संग्रहालयात नेलं होतं हत्तीचा सांगाडा दाखवायला, पण ती अडली एका लहानशा काचेच्या कपाटापाशी. आत तान्ह्या बाळाच्या मनगट्या होत्या, काळ्या मण्यांत मधेमधे सोन्याचे मणी ओवलेल्या. तिने काचेला हात टेकवला.

"आई, माझ्याही आहेत ना अशाच?"

आहेत. बारशाला तिच्या आजीने घातलेल्या, आता माझ्या कपाटात एका डबीत असतात.

"मग या बाळाने का काढल्या?"

"मोठं झालं ना ते. हातात बसेनात."

म्हणाले खरं, पण खालच्या चिठ्ठीवर तसं काहीच नव्हतं. मनगट्या किती जुन्या, कुठल्या गावच्या, एवढंच होतं. बाळ मोठं झालं का, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. कुणाची नजर लागू नये म्हणून कुण्या आईने त्या घातल्या असतील, आणि आता दिवसभर अनोळखी माणसं त्यांच्याकडे टक लावून बघतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"चल, हत्ती राहिलाय."

तिने हात काढला, तेव्हा काचेवर पाच इवल्या बोटांचा ठसा उरला. तिथले पहारेकरी फडकं घेऊन पुढे आले.

"मुलं हात लावतातच, ताई," ते समजुतीने म्हणाले.

"जरा थांबा," मी म्हणाले. "आम्ही इथून गेल्यावर पुसा."