पंचवीस खिळे

तुळसाअक्कांनी मला एकदा त्यांच्या पाळणाघराच्या दारातून परत पाठवलं, तेव्हा मी माझीच मुलगी न्यायला गेलो होतो. संध्याकाळची वेळ. नीता आतून मला बघून "बाबा, बाबा" करत होती, हात वर करून उड्या मारत होती. अक्का उंबऱ्यात आडव्या उभ्या.

"चिंधी?"

"विसरलो अक्का. पण मला ओळखता ना तुम्ही?"

"साहेब तू कचेरीमा. आठे चिंधी दखाड."

झालं. मी सायकल काढली, जळगावच्या मेहरूण भागातून सरळ सरकारी दवाखान्यात गेलो, तिथे ड्यूटीवर असलेल्या माझ्या बायकोच्या पर्समधून चिंधी घेतली आणि घामाघूम होऊन परत आलो. अक्कांनी माझ्या हातातली चिंधी नीताच्या मनगटावरच्या चिंधीला लावून बघितली. काठ जुळला तेव्हा कुठे मुलगी माझ्या कडेवर आली. "राग नको मानू भाऊ," असंही त्या म्हणाल्या नाहीत. मला मात्र भयंकर राग आला होता.

हा चिंधीचा प्रकार सांगायला हवा. अक्कांकडे येणाऱ्या बायका डाळ मिलमध्ये निवडणीला जाणाऱ्या. पाळणाघरात मूल घालायचं तर आईने आपल्या जुन्या साडीची एक पट्टी आणून द्यायची. अक्का ती मधोमध फाडायच्या. अर्धी रोज सकाळी पोराच्या मनगटाला बांधायची, अर्धी आईजवळ. पोर रडलं की चिंधी तोंडात घालून गप्प बसायचं, कारण तिला आईचा वास. आणि संध्याकाळी दुसरी अर्धी घेऊन येईल त्याच्याच हातात मूल. पूर्वी कधीतरी एक बाप पिऊन आला होता, मूल घेऊन गेला आणि रस्त्यातच कुठेतरी ठेवून विसरला. मूल सापडलं. अक्कांनी दुसऱ्या दिवसापासून चिंधी सुरू केली. "पोर कोनी शे ते चिंधी सांगी, तोंड नही," असं त्या म्हणायच्या.

मूल घरी गेलं की त्याची चिंधी भिंतीवरच्या खिळ्याला. असे पंचवीस खिळे होते, ओळीने ठोकलेले. कारण सरकारी अनुदान पंचवीस मुलांचं होतं. नोकरी-मजुरी करणाऱ्या आयांची पाच वर्षांखालची पंचवीस मुलं सांभाळायची, त्यासाठी सरकार सेविकेला मानधन द्यायचं, मुलांना खाऊ द्यायचं. त्या अनुदानाची तपासणी करणारा धुळे-जळगावचा अधिकारी म्हणजे मी. ऐंशीच्या दशकातली, माझ्या उमेदीची गोष्ट आहे ही. त्या वेळी कागदावर जे असेल तेच खरं, अशी माझी समजूत होती.

मी मूळचा साताऱ्याकडचा. खानदेशात नवा. पहिली तपासणी ठेवली ती नेमकी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी. आखाजीला इकडच्या झाडून साऱ्या लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, चार दिवस सासरचं नाव घेत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. गेलो तर नऊ मुलं.

माझ्या हाताखालच्या शिपायाने हळूच सुचवलं, "साहेब, तासाभराने या. बाकीच्या ठिकाणी गल्लीतली पोरं आणून बसवतात." अक्कांच्या कानावर ते गेलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उसना पोरं मी आनस नही. मनी पोरं माहेरले गयात, येतीन." मी नऊ लिहिलं. अहवालावर वरून शेरा आला, की पुढच्या तपासणीत पुन्हा संख्या कमी भरली तर अनुदान बंद. अक्कांना मी तो शेरा वाचून दाखवला. त्यांनी ऐकला आणि मला चहा दिला.

असं असूनही दोन महिन्यांनी त्याच दारात मला पदर पसरावा लागला. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. घरात नीताला बघणारं कुणी नाही. माझा पगार अनुदानाच्या अटीत बसत नव्हता, म्हणजे नीता त्या पंचवीसांत बसूच शकत नव्हती. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी अडखळत अक्कांना विचारलं. वाटलं, आता अहवाल काढतील. त्या म्हणाल्या, "अहवाल तू लिखा, पोरनी नही. आन तिले. पण खिळा नही मिळाव. हाई पंचवीस खिळा मिलवाल्या बायास्ना शेतस."

तसंच झालं. नीता रोज जायची, खेळायची, जेवायची, तिचा डबा घरून. हजेरीत नाव नाही. संध्याकाळी तिच्या मनगटावरची पांढऱ्या साडीची चिंधी सोडून अक्का मागच्या खोलीत घेऊन जायच्या. मागे त्यांचं घर होतं. तिथे मी कधी गेलो नाही. अक्कांची दोन नातवंडंही दिवसभर याच मुलांत असायची. सून मिलमध्ये जायची, तेव्हा ती पोरं नियमात बसत होती. तरी अक्कांनी त्यांची नावं घातली नव्हती. विचारलं तर म्हणायच्या, "घरनं ते घरमा."

मग विभागीय कार्यालयातून एक बाई अधिकारी तपासणीला आल्या. कडक म्हणून त्यांची ख्याती. मी आदल्या दिवशी अक्कांना बजावून ठेवलं होतं. त्या वेळी हजेरीवर चोवीस मुलं होती. पंचविसाव्या खिळ्याला चिंधी नव्हती. शांता नावाची एक बाई बाळंत झाली होती. तिचा मुकादम म्हणाला होता, सोमवारी कामावर ये, नाहीतर जागा दुसरीला देतो. नवरा हयात नाही, घरात दुसरं कुणी नाही. तिच्या बाळासाठी अक्कांनी महिनाभर तो खिळा रिकामा ठेवला होता. किती आया त्या जागेसाठी येऊन परत गेल्या. आणि तपासणी आली शनिवारी.

नातवंडांना अक्कांनी सकाळीच शेजारी पाठवून दिलं होतं. नीताला न्यायला मात्र कुणी आलं नव्हतं. मी न्यायला हवं होतं, माझ्या डोक्यातून गेलं. खरं सांगू? गेलं नव्हतं. मी राहू दिलं होतं.

बाईंनी पेन्सिलीने एकेक डोकं मोजलं. "पंचवीस. छान." त्या लिहायला लागल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो.

"बाईसाहेब," अक्का म्हणाल्या, "एक जास्ती मोजी तुम्ही. ती निळ्या फ्रॉकवाली मोजानी नही. ती पंचवीसमा नही शे."

"मग चोवीसच? मागच्या वेळचा शेरा माहीत आहे ना तुम्हाला? पाळणाघर बंद होईल."

"माहीत शे. पण भरेल लिखशात तर जागा गई. सोमवारले शांता बाळ लिसन येई. तिले मी काय सांगू? कागदवर तुनी जागा भरी गई?"

बाईंनी पेन्सिल निळ्या फ्रॉककडे रोखली. मग त्यांनी विचारलं, "ही मुलगी कुणाची?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य. अक्कांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण नीताला काय कळतंय? ती धावत आली आणि माझ्या पायाला मिठी मारून म्हणाली, "बाबा, घरी?"

बाईंनी चोवीसच लिहिले. खाली लिहिलं, एक जागा बाळंतपणाहून परतणाऱ्या मातेसाठी राखून ठेवली आहे, अनुदान चालू ठेवावं. सोमवारी शांता बाळाला घेऊन आली आणि मिलमध्ये गेली. मला मेमो मिळाला. महिन्याभरात माझी बदली पिंपळनेरला झाली.

मेमोचं मला एवढं वाटलं नाही. पण "ती पंचवीसमा नही शे" हे वाक्य मनात रुतून बसलं. चारचौघांत माझ्या मुलीला परकी केलं, असं मी घेतलं. तपासणीच्याच संध्याकाळी अक्कांना सांगितलं, उद्यापासून ती येणार नाही. त्यांनी सवयीने माझ्याजवळची चिंधी बघितली, नीताच्या हातावरची सोडली, म्हणाल्या, "बरं. पोरले जप." सुमनला बिनपगारी रजा काढावी लागली. ती मला एवढंच म्हणाली, "अक्कांचं चुकलं काय, ते तरी सांगा." पुढे मी धुळ्यात घर केलं, कामानिमित्त कितीदा जळगावला गेलो, पण मेहरूणच्या बाजूला पावलं वळवली नाहीत. असला मी.

अक्का गेल्याचं शांतानेच कळवलं, कचेरीच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकून. तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. नीता दहावीला होती. पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रिवाजाच्या श्रद्धांजलीला, सुमन आणि मी गेलो. समोरच्या खोलीत बुद्धवंदना चालू होती. गर्दी इतकी की मिलच्या बायका रस्त्यापर्यंत बसल्या होत्या. भिंतीवरचे पंचवीस खिळे तसेच होते, त्यांवर पंचवीस चिंध्या. जुनी सवय, मी मोजल्या.

नंतर सुनेने आम्हाला चहाला मागच्या खोलीत बोलावलं. त्या खोलीत मी पहिल्यांदाच जात होतो. चुलीच्या वर, फळीखाली, तीन खिळे होते. दोन खिळ्यांवर जुन्या, विटलेल्या हिरव्या चिंध्या. तिसऱ्यावर पांढरी.

"ह्या दोन माझ्या पोरांच्या," सून म्हणाली. "तिसरी तुमच्या नीताची. घर सारवलं, रंग दिला, तरी अक्का खिळा काढू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, घरनी पोर शे, कधी बी येई."

मला लाज वाटली. रडू नंतर आलं, ते वेगळं. मी चिंधी घ्यायला हात वर केला, तर सून चटकन मध्ये आली. ओशाळून म्हणाली, "अर्धी आणली का, साहेब? त्याबिगर द्यायची नाही, असं सांगून गेल्यात त्या."

मी हात खाली घेतला. सुमनने पर्स उघडली.